न जुळणारा ताळेबंद

"टॅली झालं तर मग चुकीचं कसं असेल?" एवढं बोलून ती मुलगी हसली, आणि बाईंचा चहाचा कप ओठांशी जाता जाता थांबला. मुलगी समोर नव्हती, दाढीवाल्याच्या फोनमध्ये होती. दाढीवाला म्हणजे पलीकडच्या इमारतीतल्या शिक्षणशास्त्र विभागाचा नवा प्राध्यापक. अकाउंट्सची मुलं शिकणं म्हणजे नेमकं काय समजतात आणि अभ्यासाला कशी भिडतात, यावर त्याचं संशोधन चाललं होतं. बाईंच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या काहीजणांशी तो बोलला होता, नावं कुणाला सांगणार नाही या बोलीवर, आणि परवानगी दिल्याबद्दल आभार मानायचे म्हणून स्टाफरूममध्ये येऊन त्यातला थोडा तुकडा बाईंना ऐकवत होता. त्याच्या इअरफोनचं एक टोक बाईंच्या कानात होतं, दुसरं त्याच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून गाणी ऐकतायत. शिकणं म्हणजे तुला काय वाटतं, असं त्याने विचारलं होतं. मॅडमना काय हवंय ते कळणं, असं ती म्हणाली होती, अगदी पटकन, जणू नाव-गाव विचारलं होतं. शिकलो हे कशावरून कळतं? टॅली झालं की. आणि टॅली झालं, पण चुकीचं असलं तर? तेव्हा ते हसू. त्यात उद्धटपणा असता तर बाईंनी तो सहज पचवला असता, उद्धट पोरं त्यांनी ढिगाने पचवली होती. पण त्या हसण्यात नुसतं नवल होतं, एवढा शिकलेला माणूस असलं काय विचारतो याचं. "छान मोकळं बोलतात हो तुमची मुलं," दाढीवाला म्हणाला आणि वायर गुंडाळत निघून गेला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. बाईंनी गार चहा बेसिनमध्ये ओतला आणि पुढच्या तासाला गेल्या, आणि त्या तासाला काय शिकवलं ते त्यांना नंतर आठवेना.

तसं बघितलं तर एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? पण दुखणं वेगळंच होतं. दोन्ही बाजू जुळूनही हिशेबात ज्या चुका लपून राहतात, त्यांच्यावर पहिल्या वर्षाला एक अख्खा धडा असतो आणि तो बाईच शिकवत. पाच प्रकारच्या चुका, प्रत्येकीला एक उदाहरण. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि सगळे तो पैकीच्या पैकी मार्कांनी सोडवतात. म्हणजे ही पोरगीसुद्धा ते पाच मुद्दे खाली रेघा मारून लिहून आली असणार. बाईंनीच तिला मार्क दिले असणार. आणि आता तीच विचारत होती, जुळलं तर चुकेल कसं. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण घडा पालथा तरी कुठे होता? चांगला उताणा होता, काठोकाठ भरत होता, आणि परीक्षा झाली की मोरीत रिकामा होत होता, पुढच्या सत्राचं पाणी मावायला हवं म्हणून. बसच्या खिडकीशी बसून बाई त्या आवाजाला चेहरा शोधू लागल्या. पुढच्या बाकावरची जाडी? खोकला असलेली? सगळे चेहरे वहीत खाली घातलेले आठवत होते. इतकी वर्षं आपण पोरांच्या केसांतले भांगच बघत आलो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू आलं.

आणि आपण? आपण तरी कशासाठी आलो होतो या विषयात? बाईंना ती दुपार अजून अंगावर आठवत होती. कॉलेजचं पहिलं वर्ष, घरी पंखा बंद, ताई शेजारी पालथी पडून मासिक वाचतेय, आणि आपण पहिला ताळेबंद मांडतोय. डावी बेरीज आली. मग उजवीची सुरू केली, आणि शेवटचा आकडा मिळवताना येतोय, तोच येतोय, हे बेरीज पुरी व्हायच्या आधीच कळलं. दाराची कडी नेमकी खाचेत पडावी तसं झालं होतं. आपण ओरडलोच. ताई दचकून म्हणाली, "काय गं, पाल पडली का अंगावर?" ताईनेच तर गणित शिकवलं होतं, म्हणजे तिच्या पद्धतीने. आधी मागचं उत्तर बघायचं आणि मग गणित करायला घ्यायचं. "आंधळ्यासारखी कशाला चालतेस? कुठे पोचायचंय ते माहीत असलं की वाट सापडते." आणि खरंच सापडायची. ताईच्या हाताखाली बाई कधी नापास झाल्या नाहीत. मग त्या दुपारचं ते ओरडणं काय होतं? समजल्याचा आनंद, की मागचं उत्तर पुस्तकात न बघताच सापडल्याचा? बाईंनी हा आनंद आयुष्यभर जपला होता, वर्गात पोरांना त्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आज बसमध्ये तो हातात घेऊन उलटसुलट बघताना त्यांना पहिल्यांदाच शंका आली की पोरगी जे हसत बोलली तेच आपलंही मत होतं, फक्त आपण ते कुणाच्या फोनमध्ये बोललो नव्हतो. उतरायचा थांबा मागे गेला आणि पुढच्या थांब्यावरून उलटं चालत यावं लागलं.

घरी बाईंचे यजमान बाहेरच्या खोलीत दात घासत होते. स्वतःचे नव्हेत, गिऱ्हाइकाचे. दंतवैद्यांना कवळ्या करून द्यायच्या हा त्यांचा धंदा. खोलीत कायम गुलाबी मेणाचा आणि प्लास्टरचा वास, आणि कपाटात ओळीने अनोळखी माणसांचे जबडे. लग्न होऊन आल्यावर बाईंना आधी आधी त्या जबड्यांची भीती वाटायची, पुढे पुढे त्या त्यांच्यावरची धूळ पुसू लागल्या. "आज चेहरा का उतरलाय? पोरांनी चावा घेतला की काय?" ते म्हणाले. बाईंनी सांगितलं. यजमानांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि थोडा विचार करून म्हणाले, "अगं, मग बरोबरच आहे की तिचं. बसली की झाली कवळी. घास चावता आला म्हणजे दात खरे की खोटे कोण बघतंय?" हा माणूस असाच. बाई एरवी हसल्या असत्या. आज त्यांचे डोळेच भरून आले आणि त्या म्हणाल्या, "अहो, माझी सगळी उमर गेली यात. तुमच्यासारखं चेष्टेत नाही घालवता येत मला." मग ते गंभीर झाले, उठून आले, प्लास्टरने माखलेला हात बाईंच्या खांद्याला न लावता नुसताच वर धरून उभे राहिले. तेव्हा बाईंनी ते बोलून टाकलं, मनात ठरायच्या आधीच. म्हणाल्या, सहामाहीला एक प्रश्न असा घालणार, की जो जुळणारच नाही. आकडेच तसे देणार. ज्याला कळतंय तो लिहील की हे जुळत नाही, ज्याला नाही कळत तो ओढूनताणून जुळवील. अख्ख्या वर्गात एक जरी निघाला ना न जुळवणारा, एक, तर मी राहीन. नाही निघाला तर विभागप्रमुखांना सांगून स्वेच्छानिवृत्ती घेईन आणि तुमच्या कवळ्यांना पॉलिश करत बसेन. "आणि अर्धा निघाला तर?" यजमान म्हणाले. पण हळूच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी निवृत्तीचा विचार विभागप्रमुखांच्या कानावर घातला. प्रश्न काढणं मात्र वाटलं त्याहून अवघड गेलं. जुळणारे प्रश्न बाई झोपेतही काढत. न जुळणारा काढताना हात पुन्हा पुन्हा जुन्या सवयीने आकडे सरळ करू लागला, कागदावर चूक राहू देताना जिवावर आलं. तरी निर्धाराने राहू दिली. एका दुकानाची वर्षअखेरीची शिल्लक, दोन बाजूंत ठसठशीत फरक, आणि तो कशामुळे आला हे कळायला कसलीही माहिती नाही. अशा वेळी करण्यासारखी गोष्ट एकच, जुळत नाही असं उघड लिहायचं. फार तर फरक उचंत खाते नावाच्या खात्यात बाजूला काढून ठेवायचा. खरी चूक सापडेपर्यंतची ही सोय सगळ्यांना माहीत असते. म्हणजे असायला हवी. परीक्षेच्या दिवशी बाई स्वतःहून पर्यवेक्षणाला उभ्या राहिल्या आणि तो क्षण येण्याची वाट बघू लागल्या. तो आला, वेगवेगळ्या बाकांवर पुढेमागे. कॅल्क्युलेटरवरचं बोट थांबायचं, मान किंचित मागे जायची, मग पेन परत वर, पहिल्या आकड्याकडे. पुन्हा बेरीज. पुन्हा मान मागे. कानशिलं लाल व्हायची. एकाने पाणी प्यायलं. एकीने केसांची पिन काढून परत लावली. बाईंना वाटत होतं, आता कुणीतरी हात वर करील आणि म्हणेल, मॅडम, प्रश्नात काहीतरी चुकलंय का हो? त्या मनातल्या मनात विनवत होत्या, विचार रे कुणीतरी, एकदा विचार. शेवटी एक हात वर झाला. बाई जवळजवळ धावतच गेल्या. त्याला पुरवणी हवी होती.

गठ्ठा घरी आला त्या रविवारी बाई आधी ताईला भेटायला गेल्या. तपासणी टाळायची म्हणूनच गेल्या, उगाच बहिणीच्या प्रेमाचा आव कशाला आणा. ताई आता कुणाला ओळखत नाही. भाचीने खुर्ची दिली, उसाचा रस दिला आणि ती आत निघून गेली. ताईने बाईंकडे बघून सौजन्याने विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?" बाई म्हणाल्या, "तुझ्याकडचीच की गं." ताईला ते उत्तर आवडलं नसावं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुष्कळ वेळाने एकदम करड्या आवाजात म्हणाली, "तेरा आठे?" आणि बाईंच्या तोंडून विचारही न करता निघालं, "चारोदरसे." एकशे चारला पाढ्यात ताई असंच म्हणायला लावायची. ताईचा चेहरा उजळला. तिने बाईंच्या हातावर हात ठेवला आणि मग दोघी बहिणी पाढे म्हणत बसल्या, तेराचा, सतराचा, एकोणतीसचा. ताई एका घराला अडखळली नाही. तिचा नवरा गेलेला तिला आठवत नव्हता, सोळा सत्ते आठवत होतं. बाईंना तिथून उठवेना. जे समजून घेतलं होतं ते सगळं पुसून गेलं, आणि घोकलेलं तेवढं तळाशी शाबूत. मग मी कशाशी भांडतेय? परत येताना रस्ताभर त्यांच्या डोक्यात पाढे चालू होते, थांबता थांबेनात.

मग तपासणी. जेवणाच्या टेबलावर गठ्ठा सोडला आणि पहिल्याच पेपरात दोन्ही बाजूंची बेरीज अगदी सारखी. खाली दुहेरी रेघ, पट्टीने मारलेली. कशी काय? बाईंनी आकडे मिळवून बघितले. बेरीज मुळी केलीच नव्हती. दोन्हीकडे एकच आकडा लिहून दिला होता. दुसरा पेपर, तेच. तिसऱ्याने निदान कष्ट घेतले होते. दुकानाचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, फरकाएवढा वाढवला होता, दुकान उघडून वर्षसुद्धा झालं नसताना. कुणी फर्निचरवर झिजेपोटी इतका घसारा लावला की खुर्च्या शून्याच्याही खाली गेल्या. कुणी मालकाच्या भांडवलात भर घातली, परस्पर, मालकाला न विचारता. 'किरकोळ खर्च' ही तर सगळ्यांची लाडकी जागा, घरात काही सापडेनासं झालं की पलंगाखाली बघावं तसे सगळे तिथे गेले होते. आणि वर्गातला पहिला नंबर! त्याने फरक कुठे जिरवला होता ते शोधायला बाईंना चांगला घाम फुटला. त्याने तो चार ठिकाणी वाटून टाकला होता, प्रत्येक ठिकाणी विश्वास बसेल एवढाच. बाईंना संताप आला, आणि त्याच वेळी त्याचा हात असा सफाईने चाललेला बघून कौतुकही वाटलं, आणि त्या कौतुकाची शिसारी आली. याला नोकरी नक्की मिळेल, असं त्यांना वाटून गेलं. उचंत खातं एकानेही काढलं नव्हतं. एकानेही! कारण बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ते दुसऱ्या धड्यात येतं. या धड्याच्या प्रश्नात त्या धड्याची गोष्ट कोण कशाला लिहील? यजमान दोनदा येऊन टेबलाशी रेंगाळून गेले, विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. बाई एकेक पेपर उलटत होत्या आणि त्यांच्या आत काहीतरी शांत शांत होत चाललं होतं. सुटलो, असंही वाटत होतं. पॉलिशचं मशीन कसं चालवतात ते विचारून घ्यायला हवं.

आणि मग, गठ्ठ्याच्या पार तळाशी, तो पेपर आला. आधी तर बाईंना वाटलं अपुरा आहे. डावीकडची बेरीज होती, उजवीकडची होती, दोन्ही बरोबर, दोन्ही वेगळ्या. खाली दुहेरी रेघ नव्हती. काही खोडलेलं नव्हतं, कुठे काही कोंबलेलं नव्हतं. दोन आकडे समोरासमोर उभे होते, आपापल्या जागी, न जुळता. बाईंनी तो पेपर उचलून उजेडात धरला. "अहो, या इकडे," त्यांनी हाक मारली. यजमान आले, त्यांनी पेपर बघितला, त्यांना अर्थातच काही कळलं नाही. "सापडला?" त्यांनी विचारलं. बाईंनी मान डोलावली. तो माणूस इतका खूश झाला की त्याने टेबलावरच्या रिकाम्या कपातून चहा प्यायचा प्रयत्न केला.

पेपर करड्या स्वेटरच्या मुलीचा होता. बाई तिला याच नावाने ओळखत, कारण हवा कशीही असो, स्वेटर असायचाच. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला रिकाम्या वर्गात बोलावून घेतलं. ती आली आणि दारातच थांबली. "ये, बस," बाई म्हणाल्या. ती बसली नाही. "मॅडम, सॉरी," ती म्हणाली आणि स्वेटरची बाही ओढू लागली. "कशाबद्दल गं?" "तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मला नाही जुळवता आलं. बाकी सगळ्यांचं जुळलं, मी बाहेर आल्यावर विचारलं. मी तीनदा बेरीज केली मॅडम, खरंच केली. मग बेल झाली." बाईंना आत कुठेतरी पायरी चुकल्यासारखं झालं. "आणि वेळ असता तर?" "वेळ असता तर जुळवलं असतं ना." "कसं?" मुलीने जमिनीकडे बघत म्हटलं, "काहीतरी केलं असतं." आवाज तोच होता. फोनमधला. आज हसत नव्हता एवढंच. बाईंनी तो ओळखला, आणि ओळखला नाही असं स्वतःला सांगितलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण रात्रभर ज्या एका पेपरावर जीव टांगला होता तो असा हातचा सोडवेना. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, तो जुळणारच नव्हता. मी मुद्दाम तसा काढला होता." मुलीने वर बघितलं. त्या नजरेत समाधान नव्हतं, भीती होती. "मुद्दाम? मग आम्ही काय लिहायला पाहिजे होतं?" "तू लिहिलंस तेच." "मी तर काहीच नाही लिहिलं मॅडम." "तेच तर. तू लपवलं नाहीस. फक्त खाली एक ओळ लिहायची, की फरक राहिला आहे, तो लपवलेला नाही. संपलं." मुलीने ते ओठातल्या ओठात म्हणून बघितलं. मग तिच्या कपाळावर आठी आली आणि तिने विचारलं, "पण मॅडम, कधी जुळवायचं आणि कधी नाही जुळवायचं, हे ओळखायचं कसं?"

इतक्या वर्षांत बाईंना कुणी हे विचारलं नव्हतं. त्यांना ताईच्या शेजारची ती दुपार आठवली, तो पंखा, ती कडी, आणि मग त्या बोलत सुटल्या. हिशेब हा माणसाने माणसाला दिलेला शब्द असतो, म्हणाल्या. जुळणं हा त्या शब्दाचा पुरावा नव्हे. संशय आला की थांबावं, आपल्या बेरजेवर संशय घ्यावा, मग आकड्यांवर घ्यावा, मग ज्याने आकडे दिले त्याच्यावर घ्यावा, अगदी शिकवणाऱ्यावरसुद्धा. माहीत नाही असं लिहायला लाज कसली? उत्तर मागे छापलेलं नसतं गं, बाहेर कुठेच नसतं. बोलता बोलता त्यांचाच आवाज त्यांना तरुण वाटू लागला. मुलगी एकटक ऐकत होती. मध्येच तिने बॅगेतून पेन काढलं. "लिहून घेऊ का मॅडम?" "घे की," बाई आनंदाने म्हणाल्या. एवढ्या बोलण्यातलं तिने काय लिहिलं ते त्यांनी बघितलं नाही. ओळ दीड ओळच असावी, कारण पेन लगेच बंद झालं. जाताना मुलगी पहिल्यांदा हसली. "थँक यू मॅडम. आता येईल," ती म्हणाली. बाई तशाच विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, मी ते निवृत्तीचं बोलले होते ना, ते विसरून जा. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाचा जादा वर्गही द्या मला. विभागप्रमुखांना काय, आयता बैल जुवाखाली आला होता. त्यांनी लगेच होकार दिला आणि वरून तिसऱ्या वर्षाच्या दोन तुकड्याही गळ्यात घातल्या. मधल्या महिन्यांत बाई वर्गात हौसेने शिकवत. मुलं जास्त लक्ष देतायत असंही त्यांना वाटे. खाली घातलेल्या माना अधूनमधून वर होत. एकदा तर पहिल्या नंबराने तास संपल्यावर थांबून विचारलं, "मॅडम, फरक राहिला आहे, मग पुढे स्वल्पविराम की पूर्णविराम?" बाईंना वाटलं, चेष्टा करतोय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, काहीही चालेल.

वार्षिक परीक्षेचा पेपर विभागप्रमुखांनी काढला, नेहमीचाच, जुन्या प्रश्नांतले आकडे इकडेतिकडे करून. तिसरा प्रश्न साधा ताळेबंद, कुणाचाही जुळावा असा. गठ्ठा बाईंकडे आला. त्यांनी टेबल पुसलं, लाल पेन घेतलं. पहिला पेपर उघडला. दोन बेरजा, वेगवेगळ्या. खाली: फरक राहिला आहे. तो लपवलेला नाही. दुसरा उघडला. फरक राहिला आहे. तो लपवलेला नाही. ओळीखाली पट्टीने दुहेरी रेघ. तिसरा. चौथा. बाईंनी गठ्ठा मधूनच उचकटला, खालून उचकटला. सगळीकडे तीच ओळ. कुठे निळ्या शाईत, कुठे काळ्या, कुणी तिला चौकट केलेली, कुणी वर 'टीप' असं शीर्षक दिलेलं. आकडे सरळ होते, जुळायला आडकाठी काहीच नव्हती, म्हणून पोरांना फरक पाडायला कष्ट पडले होते. कुणी एखादं देणं गाळलं होतं. कुणी घसारा विसरल्याचं सोंग केलं होतं. पहिल्या नंबराने चार ठिकाणी थोडं थोडं चुकवून असा सुबक फरक काढला होता की तो कुठून आला हे सहजी सापडू नये. दोनतीन जणांनी नुसतेच दोन वेगळे आकडे लिहिले होते, बेरीज न करता. मॅडमना काय हवंय ते सगळ्यांना कळलं होतं. एकीने चांगल्या मनाने, मैत्रिणीला उपयोग होईल म्हणून सांगितलं असणार, आणि तिने आणखी कुणाला. बाईंना कुणाचाही राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

करड्या स्वेटरच्या मुलीचा पेपर त्यांनी शोधून काढला. तिने तिसरा प्रश्न पूर्ण सोडवला होता, नेमका, एकही चूक नाही. शिल्लक माल योग्य जागी, घसारा बरोबर, आणि दोन्ही बाजू जुळलेल्या. मग त्यावर तिने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली होती. पानाच्या दुसऱ्या बाजूला तोच ताळेबंद परत मांडला होता, एक आकडा बदलून, आणि खाली ती ओळ लिहिली होती, इतरांपेक्षा जास्त सुवाच्य अक्षरात. तिरप्या रेघेखालून जुळलेली बेरीज स्पष्ट वाचता येत होती. बाईंनी ती एकदा करून पाहिली. मग आणखी एकदा केली. बरोबर होती. आत पॉलिशचं मशीन घरघरत होतं. मग त्यांनी पेन उचललं. खोडलेलं तपासायचं नसतं, असा नियम आहे. न खोडलेलं चुकलेलं होतं. त्यांनी समासात शून्य घातलं आणि पुढचा पेपर ओढला.